करेक्शन केलं की पान सरकतं, कॉलमच्या ओळी जुळत नाहीत : कुठे कुठे तपासायचं

ऑगस्ट लागला की आमच्या अमळनेरात डीटीपीवाल्याला, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्याला, धड जेवायला सवड नसते. पतसंस्था म्हणा, विकासो (विविध कार्यकारी सोसायटी) म्हणा, सगळ्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, सभेआधी अहवाल छापून सभासदांना वाटायचा असतो, आणि तो अहवाल आपल्याकडे येतो कधी तर ऑडिटरची सही झाल्यावर, म्हणजे अगदी गळ्याशी आल्यावर. ह्याच दिवसांत एकच दुखणं दरवर्षी चार जणांकडून ऐकायला मिळतं, कधी फोनवर, कधी चहाच्या टपरीवर. "भो, पान लावलं तेव्हा बरोबर होतं, एक करेक्शन केलं आणि सगळं खाली सरकलं." नाहीतर, "डाव्या कॉलमची ओळ उजव्या कॉलमच्या ओळीसमोर येतच नाही, किती सरकवलं तरी."

मी स्वतः ह्याच्यात पार बुडालेलो माणूस आहे म्हणून लिहितोय. सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेचा ६४ पानी अहवाल केला होता, दोन कॉलममध्ये, आणि चेअरमन आबांनी प्रूफ हातात घेऊन चष्मा वर केला न् म्हणाले, "हाई वाकडं दिखी ऱ्हायनं भो." मी पट्टी लावून दाखवली की आबा काहीच वाकडं नाही, मजकुराची फ्रेम म्हणजे चौकट सरळ, मार्जिन सरळ. ते काही ऐकेनात. आणि खरं सांगायचं तर आबाच बरोबर होते. डाव्या कॉलमची शिरोरेघ जिथे संपत होती तिथून उजव्या कॉलमची शिरोरेघ दोन अडीच पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग) खाली सुरू होत होती, आणि आपल्या लिपीत शिरोरेघ म्हणजे प्रत्येक ओळीवर आखलेली रेघच असते, त्यामुळे डोळ्याला ती जिन्याच्या पायरीसारखी लगेच दिसते. इंग्रजीच्या पानात एवढा फरक कितीतरी वेळा खपून जातो, मराठीत नाही खपत.

त्या रात्री मी काय केलं, तर एकेक फ्रेम माऊसने वरखाली करून जुळवली, दोन वाजले. सकाळी तीन करेक्शन आली. सगळं मुसळ केरात.

तर पहिली गोष्ट हीच की हाताने सरकवणं हा इलाज नाही. आज जुळलेलं उद्या सुटतं, कारण बिघाड फ्रेम कुठे ठेवली त्याच्यात नसतोच, तो ओळी आणि मोकळ्या जागा कशाने मोजल्यात त्याच्यात असतो.

आधी नाडी बघा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी ते पान साध्या प्रिंटरवर शंभर टक्के साइजला काढा आणि पट्टी आडवी धरून वरपासून खालपर्यंत दोन्ही कॉलमच्या ओळी बघत या. स्क्रीनवर झूम करून हे समजत नाही, डोळा फसतो. बघायचं एकच, फरक कुठून सुरू होतो आणि वाढतो का.

पहिल्याच ओळीपासून फरक आहे आणि शेवटपर्यंत तेवढाच राहतो, तर गडबड फ्रेमच्या डोक्याशी आहे. एखाद्या सबहेडिंगनंतर किंवा फोटोनंतर फरक पडतो आणि मग तसाच राहतो, तर त्या सबहेडिंगची नाहीतर फोटोची जागा चुकलीय. आणि फरक ओळीगणिक वाढत जातो, वर अर्धा पॉइंट, मध्ये तीन, खाली सात, तर दोन कॉलमचं लीडिंगच, म्हणजे ओळीपासून ओळीचं अंतरच, वेगळं आहे. चौथाही प्रकार असतो, मधलीच एखादी ओळ दूर गेलेली, बाकी ठीक. त्याच्यावर खाली येतो, तो सगळ्यात चावट.

एंटर मारून केलेली जागा

अर्ध्याहून जास्त फायलींत रोग इथेच सापडतो. इनडिझाइन ह्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल ऑल्ट आय, वर्डमध्ये कंट्रोल शिफ्ट ८ दाबा, लपलेली चिन्हं दिसतील, आणि मग दिसेल की हेडिंगच्या वर तीन एंटर, खाली एक एंटर, त्यातला एक १० पॉइंटचा तर एक कुठून तरी चिकटवलेला १४ पॉइंटचा. रिकाम्या ओळीलाही साइज असते हे आपण विसरतो. दिसत नाही म्हणून काय झालं, जागा तर खातेच.

आमच्याकडे पूर्वी खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, प्रेसमध्ये जुळारी म्हणून काम केलेले एक अप्पा यायचे, पेपर वाचायला. मी त्यांना एकदा असं एंटर मारताना सापडलो तर हसायला लागले. त्यांच्या काळात मोकळी जागा म्हणजे ठोस वस्तू होती, ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालायच्या, शब्दांच्या मध्ये स्पेस, ओळ संपली की उरलेल्या जागेत क्वाड, नाहीतर फर्मा (जुळवलेल्या खिळ्यांची चौकट) आवळताच येणार नाही, खिळे गळून पडतील. "रिकामी जागा बी भरनी पडस भो," असं म्हणायचे. लीडिंग हा शब्द त्या शिशाच्या पट्टीवरूनच आलाय, लेड म्हणजे शिसं. कुठली पट्टी किती पॉइंटची ते जुळाऱ्याला पक्कं ठाऊक असायचं, म्हणून त्यांच्या पानाला हा आजार व्हायचाच नाही. आपल्याला जागा फुकट मिळायला लागली आणि आपण मोजायचं सोडलं.

इलाज सोपा आहे. फाइंड चेंजमध्ये दोन पॅराग्राफ चिन्हांच्या जागी एक टाका आणि बदल शून्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा, तसंच डबल स्पेसच्या जागी सिंगल. मग जागा फक्त पॅराग्राफ स्टाइलच्या स्पेस बिफोर आणि स्पेस आफ्टरमधून द्या. कविता असतील तर मात्र आख्ख्या फायलीवर हे चालवू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, त्या हंगामात एका कवीच्या पुस्तकावर मी हे चालवलं आणि त्याची सगळी कडवी एकमेकांना चिकटली. माणूस सभ्य म्हणून वाचलो.

व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर चिकटवताना कंट्रोल शिफ्ट व्ही वापरा, म्हणजे सोबत येणारी साइज, फॉन्ट वगैरे घाण येणार नाही. तरी त्यात शिफ्ट एंटरच्या तुटलेल्या ओळी येतातच, त्या शोधून काढाव्या लागतात, त्याला शॉर्टकट नाही.

ऑटो लीडिंग

आता तो चावट प्रकार, मधलीच एक ओळ दूर. हे ९९ वेळा ऑटो लीडिंगमुळे होतं. इनडिझाइनचं ऑटो म्हणजे अक्षराच्या साइजच्या १२० टक्के, आणि ते बघतं काय तर त्या ओळीतलं सगळ्यात मोठं अक्षर. आता तुम्ही मजकूर १२ ला ठेवला आणि मध्ये एक इंग्रजी शब्द किंवा रुपयाचं चिन्ह १४ ला राहिलं, तर १४.४ ची ओळ १६.८ ची होते. दिसतं सुद्धा नाही असं एखादं मोकळं स्पेस १८ पॉइंटचं राहिलं असेल तरी तेच. तुम्ही ओळ सिलेक्ट करून डोकं खाजवत बसता की सगळं सारखं तर आहे.

लीडिंगच्या खान्यात आकडा कंसात दिसला की समजा ऑटो आहे. स्टाइलमध्ये जाऊन पक्का आकडा टाका. आणि प्रेफरन्सेसच्या टाइप भागात लीडिंग पूर्ण पॅराग्राफला लावायचा पर्याय असतो, तो चालू करून ठेवा, कारण नाहीतर इनडिझाइनमध्ये लीडिंग अक्षराला लागतं, पॅराग्राफला नाही.

आता पक्का आकडा किती? इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण जे काही शिकवलं जातं ते इंग्रजीच्या हिशोबाचं, १० वर १२, म्हणजे अक्षर १० पॉइंट आणि लीडिंग १२. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला. मी नवीन फॉन्ट घेतला की एक टेस्ट करतो. वरच्या ओळीत गावाचं नाव टाकतो, "बुद्रुक" असलेलं, आणि बरोबर त्याच्या खाली "मूर्तींचे" येईल अशी दुसरी ओळ. द्रु खाली लोंबतो, र्तीं वर चढते. ह्या दोघांची टक्कर झाली नाही आणि मध्ये केसाएवढी तरी पांढरी जागा राहिली की ते लीडिंग चालतं. बहुतेक युनिकोड फॉन्टला १२ पॉइंटसाठी १७ ते १८ लागतं, म्हणजे १४० ते १५० टक्के. पण फॉन्टाफॉन्टात फरक आहे, १२ पॉइंटला एक फॉन्ट ठेंगू दिसतो आणि दुसरा ताडमाड, त्यामुळे आकडा पाठ करू नका, बुद्रुक करून बघा. आणि पानं वाढतात म्हणून लीडिंग १५ वर ओढू नका. पानं कमी करायची असतील तर अक्षर अर्धा पॉइंट लहान करा, ते परवडतं.

ग्रिड लावली आणि ओळी दुप्पट लांब गेल्या

हा फोन तर ठरलेलाच. कुणीतरी व्हिडिओ बघून अलाइन टू बेसलाइन ग्रिडचं, म्हणजे पानामागच्या न छापल्या जाणाऱ्या आडव्या रेघांवर ओळी बसवायचं, बटन दाबतो आणि ६४ पानांचा अहवाल ९० च्या वर जातो.

कारण असं की इनडिझाइनमध्ये ग्रिडचा आकडा आयता १२ पॉइंट आलेला असतो. तुमचं लीडिंग १७. ओळ ग्रिडच्या रेघेवर बसवायची म्हटल्यावर १२ ला बसू शकत नाही, जागा कमी, मग ती सरळ पुढच्या रेघेवर म्हणजे २४ वर जाते. ग्रिड १८ केली आणि लीडिंग चुकून १८.५ राहिलं तरी तोच तमाशा, प्रत्येक ओळ ३६ वर. म्हणून नियम एकच, ग्रिडचा आकडा आणि मजकुराचं लीडिंग एकदम सारखं, पॉइंटाचासुद्धा फरक नको.

दुसरं, ग्रिड सुरू कुठून होते. आयती सेटिंग पानाच्या वरच्या कडेपासून असते. ती टॉप मार्जिनपासून करा, स्टार्ट शून्य ठेवा, आणि फ्रेमच्या ऑप्शन्समध्ये पहिल्या बेसलाइनचा ऑफसेट असेंट असतो तो लीडिंग करा. ह्या तीन गोष्टी केल्या की पहिली ओळ मार्जिनपासून बरोबर एक लीडिंग खाली बसते आणि वर सांगितलेला पहिल्या ओळीपासूनचा फरक संपतो.

माझे मामा चोपड्याकडे केळी लावतात, ५ बाय ५ फुटावर, एकरी साडेसतराशेच्या आसपास खोडं बसतात. लहानपणी दोरी धरायला मलाच उभं करायचे. बांध वाकडा असतो म्हणून बांधापासून मोजायचं नाही, ठिबकची नळी जिथून जाणार तिथून मोजायचं, हे त्यांनी मला शिव्या देऊन शिकवलं. एका बाजूने बांधापासून आणि दुसऱ्या बाजूने नळीपासून मोजलं की शेताच्या मध्ये दोन ओळी भिडत नाहीत, आणि मग ट्रॅक्टर कुठून घालायचा. ग्रिडचा स्टार्ट म्हणजे तीच दोरी. एका मास्टर पेजला (पानांच्या साच्याला) पानाच्या कडेपासून आणि दुसरीकडे फ्रेमची स्वतःची वेगळी ग्रिड, असं मिसळलेलं एका फायलीत नेहमी सापडतं, ते तपासा.

पान आखताना मी आता पहिल्यांदा लीडिंग ठरवतो आणि मग मार्जिन, उलटं नाही. डेमी साइज घ्या, साडेपाच बाय साडेआठ इंच. इंचाला ७२ पॉइंट, म्हणजे उंची ६१२ आणि रुंदी ३९६. लीडिंग १८ धरलं तर उभे बरोबर ३४ भाग आणि आडवे बरोबर २२ भाग पडतात, एक पॉइंट उरत नाही. वर ३ भाग सोडले, खाली ४ सोडले, मजकुराला २७ ओळी. पान नंबर खालच्या ४ मध्ये. आडव्यात बांधणीकडे साडेतीन, बाहेर अडीच, मजकुराला १६ भाग म्हणजे चार इंच. हे एकदा जमलं की पुस्तकभर कुठे काय ठेवायचं ह्याचा विचारच करावा लागत नाही. ए फोरला इतकं सोयीचं पडत नाही, उंची ८४१.८९ पॉइंट असते, तिथे १६ लीडिंगच्या ४६ ओळी म्हणजे ७३६ घ्या, वर ४८ सोडा, जे काही ५७.८९ उरतं ते खाली जाऊ द्या. चिल्लर नेहमी खालच्या मार्जिनच्या खिशात.

सबहेडिंग

इथे थोडा हिशोब लागतो पण अवघड नाही. सबहेडिंग १४ पॉइंट ठळक, त्याचं लीडिंग पण १८ च ठेवा, वर १२, खाली ६. बेरीज ३६, म्हणजे दोन ओळी पूर्ण. सबहेडिंग दोन ओळींचं झालं तर ५४, तरी तीन ओळी पूर्णच. बघा, वरची जागा खालच्यापेक्षा जास्त ठेवलीय, कारण सबहेडिंग खालच्या मजकुराचं असतं, वरच्याचं नाही. मधोमध लटकलेलं सबहेडिंग बघितलं की मला गावाच्या शिवेवर थांबलेली एसटी आठवते, ह्या गावची का त्या गावची.

सबहेडिंगला ग्रिडला चिकटवू नका, फक्त मजकुराला चिकटवा. एक खोड मात्र लक्षात असू द्या, सबहेडिंग नेमकं कॉलमच्या डोक्यावर आलं तर वरचे १२ पॉइंट सॉफ्टवेअर धरत नाही, म्हणजे बेरीज चुकते. मजकूर ग्रिडला असला तर तो स्वतःच पुढच्या रेघेवर जातो आणि ओळ जुळते, सबहेडिंगच्या खाली थोडी जास्त जागा दिसते इतकंच. मी ते तसंच सोडतो.

फ्रेमच्या ऑप्शन्समध्ये व्हर्टिकल जस्टिफिकेशन जस्टिफायवर आहे का तेही बघून घ्या. तळ सारखा दिसावा म्हणून कुणीतरी ते करून ठेवतं आणि ते सगळ्या ओळी ताणून ग्रिडची वाट लावतं. कॉलम खाली एका ओळीने आखूड राहिला तर राहू द्या, ताणलेल्या ओळींपेक्षा ते शंभर पट बरं.

फोटो

फोटोनंतर ओळी चुकतात त्याचं कारण, फोटोची उंची आपण अंदाजाने ठेवतो. खालची कड बेसलाइनवर ठेवा हे सगळे सांगतात. वरच्या कडेचं मात्र इंग्रजीतलं सांगणं इथे लागू पडत नाही, तिथे लोक लहान किंवा मोठ्या अक्षराच्या डोक्याशी जुळवतात. आपल्याकडे वरची कड शेजारच्या ओळीच्या शिरोरेघेला लावायची. करून बघा, पान एकदम शांत होतं.

बेसलाइनपासून शिरोरेघेपर्यंत किती ते आपापल्या फॉन्टवर गाइड लावून मोजा. मी वापरतो त्याला १२ पॉइंट साइजला ८ पॉइंट भरतं. मग दहा ओळींच्या शेजारी बसणारा फोटो म्हणजे नऊ वेळा १८ अधिक ८, १७० पॉइंट. सात ओळींचा ११६. मी ही यादी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलीय. संचालकांचे पासपोर्ट फोटो तर सगळे एकाच मापाचे करून टाका, नाहीतर व्हाइस चेअरमनचा फोटो दोन पॉइंट मोठा झाला म्हणून सभेत विषय निघेल, मी थट्टा करत नाहीये.

ताळेबंद

अहवालाचा जीव टेबलांत. इथे ग्रिड मोडते त्याचं कारण साधं आहे, इनडिझाइन प्रत्येक खान्यात वर ४ आणि खाली ४ पॉइंट आयते सोडतं, त्यामुळे १८ लीडिंगची रांग २६ ची होते आणि २० रांगांनंतर मजकूर कुठल्या कुठे. वरखालचा इनसेट शून्य करा, रांगेची उंची ॲट लीस्टवरून एक्झॅक्टलीवर नेऊन १८ करा आणि मजकूर खान्यात मधोमध ठेवा. फार दाटी वाटली तर २७ ठेवा, दोन रांगांना तीन ओळी जुळतात. रांगांचा आकडा मग सम असावा, एवढं पथ्य.

आकडे स्पेसबारने जुळवू नका. कोटींच्या आकड्याखाली हजाराचा आकडा स्पेस मारमारून आणलेला बघितला की वाईट वाटतं, फॉन्ट बदलला की सगळे आकडे इकडेतिकडे. उजवीकडे अलाइन करा, पैसे असतील तर डेसिमल टॅब.

कॉलम, गटर आणि नद्या

गटर, म्हणजे दोन कॉलममधली मोकळी जागा, आयतं १२ पॉइंट येतं. मराठीला ते कमी पडतं, पुन्हा शिरोरेघेमुळेच, डावी रेघ संपून उजवी लगेच सुरू झाली की ओळी जुळल्यावर उलट वेगळाच घोळ होतो, वाचणारा सरळ पलीकडच्या कॉलममध्ये घुसतो. गटर निदान एका लीडिंगएवढं ठेवा, १८ ला १८. त्याने भागत नसेल तर मध्ये बारीक उभी रेघ.

अरुंद कॉलम आणि जस्टिफाय हे एकत्र करू नका. "जिल्हाधिकाऱ्यांच्या", "सभासदांकडून" असले लांबलचक शब्द, मराठीत ते सहसा तोडत नाहीत, मग राहिलेल्या ओळीत तीन शब्द आणि मध्ये भगदाडं. ती भगदाडं एकाखाली एक आली की पांढरी नदी दिसते, इंग्रजीतही त्याला रिव्हरच म्हणतात. आमच्या बोरी नदीला पाणी नसतं तेव्हाही ह्या नद्या भरून वाहतात. ए फोरवर तीन कॉलम असतील तर डावीकडे अलाइन करून उजवी बाजू मोकळी सोडा, किंवा दोनच कॉलम ठेवा.

ट्यूबलाइट

आता सगळं केलं, तर छपाईच्या प्लेटला पाठवायच्या आधी एक तपासणी. पान पाठपोट प्रिंट काढा, शक्यतो ज्या कागदावर छापणार त्याच्यासारख्याच कागदावर, आणि ट्यूबलाइटसमोर धरा. ६० जीएसएम मॅपलिथोसारख्या पातळ कागदामधून मागच्या बाजूचा मजकूर थोडा दिसतोच. मागची ओळ पुढच्या ओळीच्या बरोबर मागे लपली तर ग्रिड जमली. मागच्या ओळी पुढच्या दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्यात दिसत असतील तर पान मळकट वाटतं आणि वाचणाऱ्याला का ते कळत नाही. सगळ्या पानांत जर सारखाच फरक असेल तर तो तुमच्या प्रिंटरने कागद सरकवल्याचा, पण एका पानात आहे आणि दुसऱ्यात नाही असं झालं तर त्या पानावर परत जा.

वर्ड आणि कोरलवाल्यांसाठी

वर्डमध्ये अहवाल करणारे पुष्कळ आहेत, त्यांना हसू नका. वर्डमध्ये लाइन स्पेसिंग एक्झॅक्टली करून १८ टाका. सिंगल किंवा मल्टिपलवर ठेवलं की मराठी फॉन्ट आणि इंग्रजी फॉन्ट आपापली उंची लावतात आणि जिथे जिथे इंग्रजी शब्द येईल तिथे ओळ हलते. नवीन वर्ड प्रत्येक पॅराग्राफखाली ८ पॉइंट आपणहून सोडतं, ते शून्य करा नाहीतर १८ करा. एक्झॅक्टली फार कमी ठेवलं तर स्क्रीनवर वेलांटीचे शेंडे कापलेले दिसतात, तो इशारा समजा.

कोरलमध्ये मजकूर पॅराग्राफ टेक्स्टमध्ये घ्या, आर्टिस्टिकमध्ये नको, आणि ओळींचं अंतर टक्क्यांत न ठेवता पॉइंटमध्ये द्या. मग १८ पॉइंटच्या अंतराने आडव्या रेघा एका वेगळ्या लेअरवर काढा, लेअर लॉक करा, प्रिंटिंग बंद करा. झाली ग्रिड.

मला विचारतात, लग्नपत्रिकेला पण हे सगळं करायचं का. ओळी जुळवायला नाही, तिथे कॉलमच नसतात. पण रेघा मी तिथेही काढतो, दुसऱ्याच कारणाने. पत्रिका फायनल होते, नवरदेवाचे वडील सही करून जातात, आणि रात्री साडेनऊला फोन येतो की निमंत्रकांत धुळ्याचे काका राहिले. पूर्वी मी त्या एका नावासाठी आख्खी पत्रिका वर ओढायचो, मग गणपतीचं चित्र लहान, मग मुहूर्ताची चौकट दाटलेली. आता रेघा मोजतो आणि निमंत्रकांच्या यादीखाली दोन ओळी आधीच रिकाम्या ठेवतो. एक काकांची. दुसरी, काकांचं नाव टाकल्यावर ज्यांना राग येईल त्यांची.